प्रारणदाब नुसता मिळवून का भागत नाही: ॲक्रिशन डिस्कमधला टर्ब्युलन्स आणि त्याचं सिम्युलेशन

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिअरिंग बॉक्सचा (चकतीचा एक छोटा तुकडाच घेऊन चालवायचा) एमएचडी कोड, म्हणजे चुंबकीय क्षेत्रासह वाहणाऱ्या गॅसची समीकरणं सोडवणारा कोड, हाताशी आहे, त्यात टर्ब्युलन्स नीट उभा राहतो. आता कृष्णविवराच्या जवळच्या, प्रारणदाब (प्रकाशाचा दाब) वरचढ असलेल्या चकतीकडे, म्हणजे कृष्णविवराभोवती फिरत आत पडणाऱ्या गॅसच्या ॲक्रिशन डिस्ककडे, वळायचं आहे. प्रारणाचा दाब गॅसच्या दाबात मिळवून एकच एकत्रित दाब घेतला तर चालेल का? चालत नसेल तर पद्धत कोणती घ्यावी, ग्रिड किती बारीक हवं? आणि अशी चकती स्थिर राहते की कोलमडते याबद्दल पेपरांमध्ये इतकं उलटसुलट का लिहिलेलं आहे?

पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्या 'नाही'च्या कारणातच दडलेली आहेत, म्हणून आधी कारणाकडे जाऊ. ते समजायला एक विशिष्ट चकती डोळ्यांसमोर ठेवून आकडे मांडलेले बरे. हा हिशेब मी प्रत्येक नव्या रनआधी कागदावर करतो. अर्ध्या तासाचं काम असतं आणि पुढचे दोन महिने वाचतात.

कृष्णविवर १० सौर वस्तुमानांचं धरू. त्याची गुरुत्वीय त्रिज्या सुमारे १५ किलोमीटर. आपण तिच्या २० पट अंतरावर, म्हणजे केंद्रापासून ३०० किलोमीटरवर आहोत. तेजस्विता एडिंग्टन मर्यादेच्या (जिथे प्रकाशाचा बाहेरचा रेटा गुरुत्वाशी बरोबरी करतो) एक दशांश आणि कार्यक्षमता, म्हणजे आत पडणाऱ्या वस्तुमान-ऊर्जेतला प्रकाश होणारा वाटा, १० टक्के. इथे चकतीला उभ्या दिशेत तोलून धरणारा मुख्यतः प्रकाशच आहे, त्यामुळे तिची अर्धजाडी थेट निघते: सुमारे १० किलोमीटर. या जाडीत अल्फा कुठेच येत नाही, ती फक्त आत पडणाऱ्या वस्तुमानाच्या दरावर ठरते. एक फेरा २८ मिलिसेकंदांत पुरा होतो.

आता अल्फा ०.०२ धरा. अल्फा म्हणजे शाकुरा आणि सुन्याएव यांनी १९७३ साली घातलेला तोच गुणक, प्रतिबल भागिले दाब. त्यावरून चकती तापण्याचा किंवा निवण्याचा काळ सुमारे ८ फेरे, म्हणजे ०.२२ सेकंद येतो. स्थिर अवस्थेत मधली उष्णता प्रकाशाच्या रूपाने साधारण तेवढ्याच वेळात बाहेर पडायला हवी. फोटॉनला १० किलोमीटर ओलांडायला ०.२२ सेकंद लागत असतील तर प्रकाशीय जाडी, म्हणजे अर्धजाडीत फोटॉनची किती पावलं (दोन टकरींमधली अंतरं) बसतात तो आकडा, साडेसहा हजारांच्या घरात पाहिजे (तीनसारखे गुणक मी इथे सोडून देतो आहे). मधल्या प्रतलातलं तापमान मग अडीच कोटी केल्विन निघतं आणि प्रारणदाब गॅसच्या दाबाच्या सुमारे १५ पट.

इथपर्यंत पाठ्यपुस्तक. आता असं विचारा: एखादा भोवरा एकदा आकुंचन पावून पुन्हा पसरेपर्यंत त्यातला फोटॉन किती दूर जातो? कोनीय वेगाचा व्यस्त, म्हणजे ४.४ मिलिसेकंद, हा त्या भोवऱ्याचा काळ. तो चकती निवण्याच्या काळाचा पन्नासावा भाग आहे. फोटॉन इलेक्ट्रॉनांवर ठेचकाळत जातो, त्यामुळे त्याने कापलेलं अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. पन्नासाचं वर्गमूळ सात. म्हणजे १० किलोमीटरचा सातवा हिस्सा, १.४ किलोमीटर.

आणि भोवऱ्यांचा आकार? टर्ब्युलन्सचा वेग साधारण अल्फाच्या वर्गमुळाला ध्वनिवेगाने गुणून येतो, त्यामुळे भोवऱ्याचा आकार अल्फाचं वर्गमूळ गुणिले अर्धजाडी. पुन्हा तेच १.४ किलोमीटर.

हा योगायोग नाही. टर्ब्युलन्स जेवढी ऊर्जा ओततो तेवढीच फोटॉननी बाहेर न्यायची, हा समतोल पाळायचा तर दोघांची 'वाहून नेण्याची क्षमता' सारखीच असावी लागते. परिणाम असा की टर्ब्युलन्सला जी मापपट्टी महत्त्वाची, नेमक्या त्याच मापपट्टीवर फोटॉन धड अडकलेलेही नसतात आणि धड मोकळेही नसतात. मोठ्या मापावर ते गॅसबरोबर वाहतात, लहान मापावर निसटून जातात, आणि सीमारेषा बरोबर भोवऱ्यांच्या अंगावरून जाते. एकत्रित दाब घेणं म्हणजे फोटॉन सगळीकडे अडकलेले आहेत असं धरणं. प्रारण पूर्ण वगळून नुसतं शीतकरणाचं पद घालणं म्हणजे ते सगळीकडे मोकळे आहेत असं धरणं. दोन्हींत तुम्ही नेमकं मधलं भौतिकशास्त्र हरवून बसता.

हरवतं म्हणजे काय, ते बघू. फोटॉन अडकलेले असताना आपल्या चकतीतला ध्वनिवेग सेकंदाला २,३०० किलोमीटरच्या आसपास असतो. ते निसटले की दाबाला विरोध करायला फक्त गॅस उरतो आणि ध्वनिवेग ६०० वर येतो. चुंबकीय दाब एकूण दाबाच्या चार-पाच टक्के धरला तर आल्फव्हेन वेग (चुंबकीय रेषांवरून तरंग धावण्याचा वेग) ७०० निघतो. म्हणजे जो टर्ब्युलन्स कागदावर निवांत, जवळजवळ असंपीड्य दिसत होता, तो लहान मापावर गॅसच्या ध्वनिवेगाशी स्पर्धा करतो. चुंबकीय क्षेत्र गॅसला दाबतं, फोटॉन बाजूला सरकतात, गॅसची गुठळी होते. टर्नर, स्टोन, क्रोलिक आणि सानो यांनी २००३ साली त्रिमितीय स्थानिक सिम्युलेशनमध्ये हे दाखवलं: चुंबकीय दाब गॅसच्या दाबापुढे गेला आणि फोटॉनना निसटायला वाव असला की घनतेतले चढउतार फार मोठे होतात. एकत्रित दाबाच्या रनमध्ये या गुठळ्या दिसतच नाहीत. मग प्रकाश गुठळ्यांमधल्या विरळ वाटांनी सुटतो, सरासरी घनतेवरून काढलेल्या अंदाजापेक्षा लवकर सुटतो, आणि तुमचा निवण्याचा काळच बदलतो.

दुसरी गोष्ट क्षीणनाची. अगोल आणि क्रोलिक यांनी १९९८ साली दाखवलं की गॅस आकुंचन पावताना फोटॉन गळत असतील तर त्या तरंगाची ऊर्जा थेट प्रारणात जाते. नेहमीच्या टर्ब्युलन्समध्ये ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांतून लहानांत, त्याहून लहानांत अशी पायऱ्या उतरत शेवटी श्यानतेच्या मापावर उष्णता होते. इथे आकुंचनाच्या तरंगांना वाटेतच गळती लागते. आल्फव्हेन तरंगांत आकुंचन नसतं, त्यामुळे त्यांना त्याचा फारसा त्रास नाही. टर्ब्युलन्स ज्यातून उपजतो त्या मूळ चुंबकीय अस्थैर्याचंही (एमआरआय) तेच. वेलिखॉव्ह यांनी १९५९ साली आणि चंद्रशेखर यांनी १९६० साली ते वेगळ्या संदर्भात काढलं होतं. बाल्बस आणि हॉली यांनी १९९१ साली त्याचं चकतीतलं महत्त्व ओळखलं. ते उभ्या क्षेत्रात तसंच राहतं, वाढीचा कमाल दर कोनीय वेगाच्या पाऊणपट. पण क्षेत्र मुख्यतः फेऱ्याच्या दिशेतलं असेल आणि फोटॉन निसटत असतील, तर गॅस दाबला जाऊ लागतो आणि वाढ मंदावते. ब्लेस आणि सोक्रेटीस यांचं २००१ सालचं रेषीय विश्लेषण यासाठी जरूर वाचा. तुमच्या कोडची पहिली खरी परीक्षा त्यातूनच निघते, त्याबद्दल शेवटी सांगतो.

आता पद्धतीकडे. इथे लोक फार कडवे होतात. माझं मत थोडं व्यवहारी आहे: प्रश्न कुठला विचारताय, त्यावर पद्धत ठरते.

एफएलडी, म्हणजे प्रवाहाला प्रकाशवेगाची मर्यादा घातलेलं विसरण. यात प्रारणाचा प्रवाह ऊर्जाघनतेच्या उताराने जातो असं धरतात. चकतीच्या पोटात, जिथे प्रकाशीय जाडी हजारांत आहे, तिथे हे बरोबर आहे. गुठळ्या, गळती, आकुंचनाचं क्षीणन हे पोटातले प्रश्न असतील तर एफएलडीला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. टर्नर यांचं काम त्यावरच उभं आहे. पण फोटोस्फिअरजवळ, म्हणजे प्रकाश जिथून सुटतो त्या पृष्ठभागाजवळ, जिथे प्रकाशीय जाडी एकच्या आसपास येते, तिथे ती लंगडी पडते. सावली पडतच नाही, प्रकाश अडथळ्याला वळसा घालून मागे जातो. शिवाय एफएलडीत प्रारणदाब पोटात सगळ्या दिशांना सारखा धरलेला असतो, त्यामुळे प्रारणाची स्वतःची श्यानता मिळत नाही.

एम-१ ही मधली वाट. ऊर्जेबरोबर प्रवाहाचंही समीकरण सोडवायचं आणि दाब या दोघांवरून अंदाजायचा. एका दिव्याची सावली ती छान पाडते. दोन दिवे समोरासमोर तिरपे ठेवले की मात्र किरण एकमेकांतून आरपार जायचे सोडून एकमेकांत मिसळतात आणि तिसऱ्याच दिशेला एकच झोत निघतो. चकतीच्या वर, अक्षाजवळच्या नरसाळ्यासारख्या जागेत, चहूबाजूंनी आलेला प्रकाश अक्षावर एकवटतो आणि नकली झोत दिसतो. असा झोत पाहून कुणी त्यावरून जेटच्या गतीबद्दल बोलायला लागला की मी आधी विचारतो, क्लोजर (दाब अंदाजण्याचं सूत्र) कोणतं?

तिसरी पद्धत म्हणजे कोनांनुसार प्रत्यक्ष प्रारणवहन सोडवणं: एकतर त्यावरून एडिंग्टन टेन्सर (प्रारणदाब कुठल्या दिशेला किती ते सांगणारा) काढून तो समीकरणांत वापरायचा, किंवा विशिष्ट तीव्रताच, म्हणजे प्रत्येक दिशेतला प्रकाश, थेट पुढे न्यायची. जियांग, स्टोन आणि डेव्हिस यांनी २०१२ पासून अथेना कोडमध्ये हेच बांधत नेलं. महाग पडतं. एमएचडीला प्रत्येक सेलमागे आठ संख्या पुरतात, इथे समजा ८० दिशा घेतल्या तर ८० आणखी. पण फोटोस्फिअर, करोना (चकतीवरचा विरळ, तप्त गॅस), चकती स्थिर आहे की नाही, असल्या प्रश्नांसाठी माझा कल आता सरळ इकडेच आहे.

पद्धत कोणतीही घ्या, दोन खड्डे वाटेत आहेत आणि दोन्हींत मी पडलो आहे.

पहिला खड्डा संख्यात्मक विसरणाचा. वर सांगितलेल्या चकतीत फोटॉनचं एक पाऊल, म्हणजे दोन टकरींमधलं अंतर, दीड मीटर आहे. अर्धजाडीत ३२ सेल घेतलेत तर एक सेल ३१० मीटरचा, त्याची स्वतःची प्रकाशीय जाडी २००. प्रारणाच्या समीकरणांना तुम्ही नेहमीचा एचएलएल सॉल्व्हर (दोन सेलमधला प्रवाह काढणारी पद्धत) लावला आणि तरंगवेग म्हणून प्रकाशवेगाच्या घरातला आकडा दिलात, तर त्या सॉल्व्हरचं आपलं विसरण प्रकाशवेग गुणिले सेलच्या निम्म्या रुंदीएवढं होतं. खरं विसरण प्रकाशवेग गुणिले फोटॉनच्या पावलाचा तिसरा हिस्सा. भागाकार करा: सुमारे ३०० पट. म्हणजे तुमच्या चकतीतून प्रकाश खऱ्यापेक्षा ३०० पट वेगाने गळतो, आणि रन मात्र कुठेही अडखळत नाही. माझी एक चकती तीन फेऱ्यांत बसली. मला वाटलं, अस्थैर्य सापडलं! दोन आठवडे मी ते 'अस्थैर्य' मोजत बसलो होतो. उपाय माहितीचा आहे: जाड सेलमध्ये तरंगवेग सेलच्या प्रकाशीय जाडीनुसार खाली आणायचा. सोंदोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली कोराल कोडमध्ये तो असाच घातला. हे करण्याआधी एक साधी चाचणी करा: स्थिर, जाड माध्यमात प्रारणाचा एक गॉसियन ठिपका ठेवा आणि तो किती वेळात पसरतो ते हाती काढलेल्या उत्तराशी ताडून बघा. सेलची जाडी ०.१, १०, २०० अशी बदलत न्या. २०० ला उत्तर बिघडलं तर पुढे जाऊच नका.

दुसरा खड्डा वेळेच्या पावलाचा. प्रकाश ३१० मीटर एका मायक्रोसेकंदात ओलांडतो. द्रवाचा सर्वांत मोठा वेग सेकंदाला ४,००० किलोमीटर धरला तर त्याला ७८ मायक्रोसेकंद पुरतात. आठ-दहा तापनकाळ, म्हणजे ८० फेरे चालवायचं तर द्रवाच्या हिशेबाने २८ हजार पावलं आणि प्रकाशाच्या हिशेबाने २१ लाख. मग कुणीतरी हमखास सुचवतं की प्रकाशवेगच कमी करून टाकू, इतर खगोलभौतिकीत चालतं. चालतं, पण अट अशी असते की कमी केलेला वेग प्रवाहाचा वेग गुणिले प्रकाशीय जाडी यापेक्षा बराच जास्त राहिला पाहिजे. आपल्या चकतीत टर्ब्युलन्सचा वेग सेकंदाला ३२० किलोमीटर, जाडी ६,६००. गुणाकार प्रकाशवेगाच्या सातपट भरतो. खरा प्रकाशवेगसुद्धा ती अट पुरी करत नाही, कमी केलेल्याचं काय घेऊन बसलात! तेव्हा प्रारणाचं पद अव्यक्त (इम्प्लिसिट) पद्धतीनेच, म्हणजे पुढच्या क्षणाच्या अज्ञात किमतींसकट, सोडवावं लागतं, आणि पुनरावृत्ती अभिसरली की नाही हे प्रत्येक पावलाला तपासावं लागतं.

हा 'सातपट' आकडा आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. त्याचा अर्थ असा की ३२० किलोमीटरच्या वेगाने वर उसळलेला गॅस पोटातले फोटॉन नुसत्या विसरणापेक्षा लवकर वर नेऊ शकतो. वेग भागिले प्रकाशवेग हे गुणोत्तर हजारात एक आहे म्हणून ती पदं गाळाल तर फसाल, कारण त्याला जाडीने गुणावं लागतं. चुंबकीय उत्प्लावकतेने वर चढणारे गॅसचे पट्टे फोटॉन सोबत घेऊन जातात, आणि हा नुसता किरकोळ सुधार नसतो. जियांग, स्टोन आणि डेव्हिस यांच्या २०१४ सालच्या जागतिक (तुकडा नव्हे, अख्ख्या चकतीच्या) सिम्युलेशनमध्ये एडिंग्टन तेजस्विता भागिले प्रकाशवेगाचा वर्ग या एककाच्या २२० पट वस्तुमान आत जात होतं, आणि तेजस्विता एडिंग्टनच्या १० पट निघाली. कार्यक्षमता साडेचार टक्के. इतक्या जाड चकतीत फोटॉन गॅसबरोबर कृष्णविवरात ओढले जाऊन कार्यक्षमता खूप पडेल अशी जुनी अपेक्षा होती. टर्ब्युलन्सने त्यांना उभ्या दिशेत बाहेर काढलं.

आता स्थैर्याचा वाद.

मूळ युक्तिवाद दोन ओळींचा आहे. पृष्ठघनता तीच ठेवून तापमान थोडं वाढवा. प्रारणदाब तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो, जाडी दाबाबरोबर वाढते, आणि तापवणं म्हणजे दाब गुणिले जाडी, तेव्हा ते आठव्या घाताने वाढतं. निवणं मात्र चौथ्याच घाताने. तापवणं पुढे धावतं, चकती फुगत जाते. उलट दिशेने धक्का बसला तर बसत जाते. शाकुरा आणि सुन्याएव यांनी १९७६ साली हे मांडलं. लाइटमन आणि अर्डली यांनी १९७४ सालीच वस्तुमानाच्या वाटपातलं सावकाश चालणारं अस्थैर्य दाखवलं होतं. गणिताप्रमाणे प्रारणदाब एकूण दाबाच्या तीन पंचमांशांवर गेला की गडबड. पण आकाशात बघावं तर क्ष-किरण जोडताऱ्यांच्या उष्ण, मऊ वर्णपटाच्या अवस्थेत चकत्या निवांत दिसतात. जीआरएस १९१५+१०५ या जोडताऱ्यासारखा एखादा तालात धडधडतो, तो अपवाद.

त्या दोन ओळींत एक गृहीत आहे: प्रतिबल दाबाबरोबर तत्क्षणी वाढतं. टर्ब्युलन्स असा आज्ञाधारक असतो का? हिरोसे, क्रोलिक आणि ब्लेस यांनी २००९ साली एफएलडी वापरून, उभी रचना धरून शिअरिंग बॉक्स चालवला आणि चकती अनेक तापनकाळ टिकली. त्यांचं निरीक्षण मला आजही मोलाचं वाटतं: प्रतिबल आणि दाब एकत्र चढउतार करतात, पण आधी प्रतिबल हलतं आणि दाब काही फेऱ्यांनी मागून येतो. म्हणजे दाब वाढला म्हणून प्रतिबल वाढलं असा क्रमच नाही. मग २०१३ साली जियांग, स्टोन आणि डेव्हिस यांनी एडिंग्टन टेन्सर वापरून तोच प्रश्न पुन्हा घेतला. बॉक्स आडव्या दिशांत निदान एका दाबउंचीएवढा (दाब लक्षणीय घटतो तेवढ्या उंचीएवढा) रुंद असला की चकती बराच काळ टिकायची, आणि मग टर्ब्युलन्समधल्या एखाद्या चढउताराने फुगायला किंवा बसायला लागायची. दर वेळी.

लोक याकडे 'एफएलडी विरुद्ध टेन्सर' असं बघतात. माझ्या मते बॉक्सची रुंदी हे मोठं कारण आहे. अरुंद बॉक्समध्ये मोठ्या मापाचे चुंबकीय पट्टे बसतच नाहीत, प्रत्येक रनमध्ये गोंगाट जास्त, आणि त्या गोंगाटात दाब-प्रतिबलाचं नातं झाकलं जातं. चकती स्थिर दिसते, कारण तिला अस्थिर व्हायला जागाच दिलेली नसते. तेव्हा 'माझी चकती स्थिर आहे' असं लिहिण्यापूर्वी बॉक्स दुप्पट रुंद करून बघा. महाग आहे, मान्य. पण त्याशिवायचा निष्कर्ष मी तरी मनावर घेत नाही.

आणि रुंद बॉक्समध्ये कोसळली म्हणजे निसर्गातही कोसळते, असंही नाही. शिअरिंग बॉक्सला शेजारी नसतात. खऱ्या चकतीत आतून-बाहेरून वस्तुमान, चुंबकीय अभिवाह येत असतो. निव्वळ उभं क्षेत्र बळकट असेल आणि चकतीला तोलण्यात चुंबकीय दाबाचा वाटा मोठा असेल तर आठवा घात लागूच पडत नाही. बेगलमन आणि प्रिंगल यांनी २००७ साली ही शक्यता मांडली, सोंदोव्स्की यांनी २०१६ साली जागतिक सिम्युलेशनमध्ये अशी पातळ चकती स्थिर राहिलेली दाखवली. अतिवजनदार कृष्णविवरांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे चकती थंड, लाखाच्या घरातली. सुमारे १ लाख ८० हजार केल्विनला लोखंडाच्या आयनांमुळे अपारदर्शकतेत एक उंचवटा येतो, आणि जियांग, डेव्हिस आणि स्टोन यांनी २०१६ साली दाखवलं की तो उंचवटा कोडमध्ये घातला तर चकती टिकते, काढला तर बसते. म्हणून क्वेझारची चकती करताना नुसत्या इलेक्ट्रॉन-प्रकीर्णनावर भागवू नका. १० सौर वस्तुमानांच्या आपल्या उदाहरणात मात्र ते चालतं. तिथे मुक्त-मुक्त शोषण प्रकीर्णनापेक्षा हजारो पटींनी कमी असतं आणि गॅस-प्रारणाची ऊर्जेची देवाणघेवाण कॉम्प्टन प्रकीर्णनातून (इलेक्ट्रॉनशी टक्कर होताना फोटॉनची ऊर्जाही बदलते त्यातून) होते. ते पद विसरलात तर वरच्या थरांतला गॅस विनाकारण तापतो.

ग्रिडबद्दल विचारलं होतं. अस्थैर्याच्या तरंगलांबीत उभ्या दिशेत निदान १०, फेऱ्याच्या दिशेत निदान २० सेल, हा हॉली, गुआन आणि क्रोलिक यांचा २०११ सालचा ठोकताळा एमएचडीसाठी वापरात आहे. प्रारण आलं की मी त्यात एक भर घालतो: ज्या १.४ किलोमीटरवर फोटॉन निसटतात तेही ग्रिडला दिसलं पाहिजे. अर्धजाडीत ३२ सेल घेतले तर तिथे साडेचार सेल येतात, तेवढ्याने गुठळ्या अर्धवट दिसतात. ६४ ला नऊ येतात. माझी कामाची सुरुवात ६४ पासून होते. ३२ चा रन फक्त कोड धावतोय का हे बघायला.

आणि हिशेबाची वही ठेवा. शिअरिंग बॉक्समध्ये ऊर्जा आत येण्याची वाट एकच: अरीय सीमांवरचं प्रतिबल, दीडपट कोनीय वेगाने गुणून. बाहेर जाण्याची वाट वरून-खालून निघणारा प्रकाश आणि थोडा गॅस. दोन्ही बाजू दर पाच फेऱ्यांनी जुळवून बघायच्या. माझ्या एका जुन्या रनमध्ये शंभरातले अठरा भाग कुठे गेले ते कळेना. कोड अंतर्गत ऊर्जा सोडवत होता, ग्रिडच्या मापावर जिरलेली चुंबकीय ऊर्जा उष्णतेत जमाच होत नव्हती. ते दुरुस्त केलं तर आता बाहेर सहा भाग जास्त! ते वरच्या टोकाला घनतेच्या किमान मर्यादेमुळे येत होते. विरळ सेलमध्ये कोड गुपचूप गॅस भरत होता, प्रकाश त्या गॅसला ढकलून बाहेर घालवत होता, कोड पुन्हा भरत होता. स्थैर्याच्या प्रश्नात तापवणं आणि निवणं यांतला पाच-दहा टक्क्यांचा फरकच निकाल देतो. तिथे असली गळती असेल तर निकाल तुमच्या मर्यादेच्या आकड्याचा असतो.

सुरुवात कुठून करावी? उभी रचना सध्या बाजूला ठेवा. गुरुत्वाचा उभा घटक नसलेला छोटा बॉक्स घ्या, फेऱ्याच्या दिशेत बळकट आणि उभ्या दिशेत क्षीण क्षेत्र, प्रारणदाब गॅसच्या १५ पट. अपारदर्शकता हवी तशी कमीजास्त करा, म्हणजे फोटॉन अडकलेले, अर्धवट आणि मोकळे अशा तिन्ही अवस्था मिळतील. प्रत्येकीत अस्थैर्याच्या वाढीचा दर मोजा आणि ब्लेस-सोक्रेटीस यांच्या वक्रावर बिंदू बसतात का बघा. अडकलेल्या टोकाला पाऊणपट दर मिळायला हवा, मोकळ्या टोकाला तो घसरायला हवा. घसरण चुकीच्या अपारदर्शकतेला सुरू झाली तर आधी वर सांगितलेला तरंगवेग तपासा, बहुतेक वेळा चूक तिथेच निघते.